माशीचा गंधमेंदू : वारसा की गरज? – वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्या संशोधनाचे एक वाचन

माशीला नाक नसते. तिचा श्वास छाती-पोटाच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांतून चालतो आणि वास ती डोक्यावरच्या दोन शृंगिकांनी, म्हणजे आपण ज्यांना सहज बोलताना मिशा म्हणतो त्यांनी, घेते. आपल्या देहात श्वास आणि वास यांचे दार एकच. माशीच्या देहात ती दोन वेगळी खाती आहेत. तरीही शृंगिकेतून निघालेले चेतातंतू तिच्या मेंदूत जिथे पोचतात, तिथली मांडणी उंदराच्या मेंदूतील गंधकंदाशी विलक्षण जुळते. एकाच प्रकारचा गंध टिपणाऱ्या पेशी बाहेर विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू आत एकाच गोलसर पुंजक्यात गोळा होतात. गंध वेगळा, की पुंजका वेगळा. माशी आणि उंदीर यांचा समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून अधिक मागे जातो. मग हे साम्य त्या पूर्वजाकडून आलेला वारसा आहे, की दोन वंशांनी एकाच गरजेपोटी स्वतंत्रपणे काढलेला एकसारखा तोडगा?

हा प्रश्न ज्यांच्या संशोधनातून फार नेमका होत गेला, त्यांत वेरोनिका रॉड्रिग्ज यांचे नाव अग्रभागी आहे. जन्म १९५३ चा. कुटुंब गोमंतकीय वंशाचे, वास्तव्य केनियातले. युगांडातील मकेरेरे विद्यापीठ आणि डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज असा शिक्षणाचा प्रवास करून त्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेत आल्या. १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. त्यानंतर जर्मनीत ट्युबिंगेन येथे काम, पुन्हा मुंबई आणि अखेरच्या वर्षांत बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले. टाटा संस्था म्हटली की मराठी वाचकाला जयंत नारळीकर आठवतात, आकाश आठवते. त्याच कुलाब्याच्या इमारतीत दुधाच्या बाटलीसारख्या बाटल्यांतून माश्या वाढवून मेंदूचा अभ्यास चालत होता, हे आपल्या वाङ्मयीन स्मरणात जवळजवळ नाही.

प्रस्तुत लेख गौरवलेख नाही. पुस्तकाची समीक्षा करताना आपण जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारायचे आहेत. लेखिकेचा दावा काय, तो कशावर उभा आहे, आणि तो किती भार पेलतो? वैज्ञानिक निबंध हाही शेवटी एक युक्तिवाद असतो. त्याला प्रयोगाचे पाठबळ असते म्हणून तो वाचकाच्या तपासणीतून सुटत नाही.

१. बिघाडातून रीत

आधी एक खुलासा. कृषी खात्याच्या पत्रकात फळमाशी म्हणतात ती आंबा-पेरूत अंडी घालणारी मोठी माशी. संशोधकांची फळमाशी, म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, ही त्याहून बारीक. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारे ते चिलटासारखे प्रकरण. हिचा मेंदू खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पण त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी असल्याची मोजदाद २०२४ मध्ये संपूर्ण नकाशासह प्रसिद्ध झाली. तिच्या प्रत्येक शृंगिकेवर गंध टिपणाऱ्या सुमारे १२०० चेतापेशी असतात आणि मेंदूच्या गंधखंडात सुमारे ५० पुंजके. म्हणजे हे यंत्र मोजता येण्याइतके लहान आणि विचार करायला लावण्याइतके मोठे आहे.

सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेची रीत साधी होती. माशांत उत्परिवर्तने घडवायची आणि ज्यांचे वागणे बिघडले त्या माशा निवडायच्या. रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांच्या १९७८ च्या निबंधात इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगणारी नळी आहे. एका फाट्यात गंध, दुसऱ्यात साधी हवा. माशी कुठे वळते ते मोजायचे. १९८१ च्या निबंधात चवीची गोष्ट आहे. पायरॅनोज गटातील शर्करा ओळखणारे ग्राहक बिघडलेली माशी त्यांनी दाखवली. याचा अर्थ असा की ‘गोड’ हा आपल्या जिभेला एकच वाटणारा अनुभव माशीच्या शरीरात एकाच कुलपाने उघडत नाही. कुलपे अनेक आहेत.

या रीतीवर पहिला आक्षेप सहज सुचतो. माशी वासाकडे गेली नाही म्हणजे तिला वास आला नाही, असे कशावरून? ती लंगडी असेल, मरगळलेली असेल. म्हणून एका गंधाला निरुत्तर राहणारी पण दुसऱ्या गंधाला नीट प्रतिसाद देणारी माशी इथे मोलाची ठरते. सगळ्यालाच निरुत्तर असलेली माशी काही सांगत नाही. निवडक बिघाडावरचा हा भर रॉड्रिग्ज यांच्या पुढच्या सर्व कामाचा पाया आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बिघडलेली माशी सापडली तरी नेमके काय बिघडले हे त्यावरून कळत नाही. गंध पकडणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुके उंदरात १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधली. त्या कामाला २००४ चे नोबेल मिळाले. माशीतली तशी जनुके १९९९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळांनी शोधली, आणि तीही वागणुकीच्या वाटेने नव्हे, तर जनुकसंचाच्या शोधातून. मुंबईतील वागणुकीच्या वाटेने ते दार उघडले नाही, हे समीक्षेत नोंदवलेच पाहिजे. पण तेवढ्यावर निकाल देणे उथळपणाचे होईल. १९८४ मध्ये एरिख बुखनर यांच्यासह आणि १९८८ मध्ये एकटीने लिहिलेल्या निबंधांत रॉड्रिग्ज यांनी माशीच्या मेंदूत गंधाची जागा दाखवली होती. किरणोत्सर्गी खूण केलेला, साखरेसारखा पण पेशीला पूर्ण जाळता न येणारा पदार्थ माशीला द्यायचा, तिला एक गंध हुंगवायचा आणि मग मेंदूचे पातळ काप पाहायचे. जिथे पेशी जास्त राबल्या तिथे खूण जास्त साठते. वेगवेगळ्या गंधांनी वेगवेगळे पुंजके उजळले. ग्राहक कोणते हे जगाला कळण्याच्या दहा वर्षे आधीच गंधाला मेंदूत पत्ता असतो हे मुंबईच्या या संशोधिकेने दाखवले होते. कुलूप मिळाले नव्हते. खोल्या मात्र मोजून झाल्या होत्या.

२. आधी गाव की आधी वाटसरू?

१९९० नंतर प्रश्न बदलला. गंध कुठे पोचतो हे कळले. आता तो पत्ता मुळात तयार कसा होतो? माशी कोशावस्थेत असताना शृंगिका, चेतापेशी, पुंजके हे सगळे नव्याने घडत असते. इथे रॉड्रिग्ज वागणुकीच्या अभ्यासाकडून विकासाच्या अभ्यासाकडे वळल्या, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम इथलेच आहे.

माशीच्या शृंगिकेवर गंध घेणारे बारीक केस मुख्यतः तीन प्रकारचे असतात. काही बोथट खुंट्यांसारखे, काही लांब व टोकदार, आणि काही छोट्या खळग्यात बसलेले. खळग्यातले केस घडण्यासाठी ‘अटोनल’ हे जनुक लागते, हे १९९७ मध्ये भगवती गुप्ता आणि रॉड्रिग्ज यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी आलेल्या निबंधात ‘लोझेंज’ या जनुकाविषयी अधिक रंजक गोष्ट आहे. त्याची मात्रा किती, यावर केस कोणत्या प्रकारचा होणार हे ठरते. म्हणजे जनुक नुसते आहे की नाही, एवढाच प्रश्न नाही. किती आहे हाही प्रश्न आहे. भाजीत मीठ आहे की नाही आणि मीठ किती आहे, या दोन चौकशांत जेवढे अंतर, तेवढेच हे. जनुक म्हणजे दिव्याचे बटण, अशी समजूत आपल्या लोकप्रिय विज्ञानलेखनात सर्रास आढळते. तिला हा निबंध शांतपणे छेद देतो.

नंतर २००२ मध्ये धनिशा झवेरी आणि रॉड्रिग्ज यांचा निबंध आला. दावा असा की अटोनलच्या वंशातील चेतापेशींचे तंतू गंधखंडात पायवाट पाडतात. त्यांच्या आधाराने खंडाचे पुंजक्यांत विभाजन सुरू होते. ते नसतील तर मांडणी बिघडते. वाटसरू आले म्हणून गाव वसले, असे या निबंधाचे सार सांगता येईल.

पण त्याच सुमारास अमेरिकेत लिकुन लुओ यांच्या गटातून अगदी उलट दिशेने पुरावा येत होता. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की पुंजक्यांतून निरोप पुढे नेणाऱ्या चेतापेशी कोणत्या पुंजक्यात जाणार हे त्यांच्या कुळावर आणि जन्माच्या क्रमावर आधीच ठरलेले असते. २००४ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन दाखवले की शृंगिकेचे तंतू येण्यापूर्वीच या पेशींच्या शाखा गंधखंडात ढोबळ नकाशा आखून बसलेल्या असतात. म्हणजे वाटसरू येण्याआधीच गावाची आखणी झालेली.

मग खरे कोणाचे? इथे पतंगांचे काम मदतीला येते. १९८२ मध्ये जॉन हिल्डब्रँड आणि सहकाऱ्यांनी मँड्युका या पतंगाच्या नराची विकसनशील शृंगिका मादीवर कलम केली. मादीच्या मेंदूतल्या चेतापेशींची वाढ नरासारखी होऊ लागली! बाहेरून आलेल्या तंतूंनी आतल्या यजमान पेशींना घडवले. पतंगात वाटसरूंचे वजन मोठे आहे, माशीत यजमानांची पूर्वतयारी मोठी आहे. दोन्ही कीटक, दोन्हींचे पुंजके दिसायला सारखे; पण तिथे पोचण्याचा रस्ता एकच नाही.

माझ्या वाचनात इथे रॉड्रिग्ज यांच्या २००२ च्या दाव्याला मर्यादा पडते, पण तो खोटा ठरत नाही. ढोबळ आखणी यजमानांची आणि घट्ट बांधणी आगंतुकांची, असे दोन्ही पुरावे एकत्र बसतात. संशोधिका म्हणून त्यांची खरी उंची यापुढे दिसते. त्यांनी आपल्या जुन्या दाव्याची तटबंदी करण्यात वेळ घालवला नाही. त्यांच्या गटाचे लक्ष स्वतःच यजमान पेशींकडे, त्यांच्या कुळांकडे वळले. बासेलचे हाइनरिख रायखर्ट यांच्याबरोबरची त्यांची भागीदारी याच वळणावरची आहे.

३. रिकाम्या श्वासछिद्रांचे जनुक

फळमाशीच्या जनुकांची नावे त्यांच्या कामावरून नव्हे, तर ती नसताना काय बिघडते यावरून पडतात. ‘एम्प्टी स्पिरॅकल्स’, म्हणजे रिकामी श्वासछिद्रे, हे त्यांपैकी एक. हे जनुक नसलेल्या भ्रूणात मागील श्वासछिद्रांच्या आतली रचना घडत नाही, म्हणून हे नाव. पुढे कळले की डोक्याच्या आणि मेंदूच्या ज्या भागाशी शृंगिका जोडलेली असते, त्या भागाच्या घडणीलाही ते लागते.

२००८ मध्ये अभिजित दास, रायखर्ट, रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गंधखंडातल्या स्थानिक चेतापेशी आणि निरोप पुढे नेणाऱ्या चेतापेशी एकाच जनक पेशीच्या कुळातून येऊ शकतात, आणि त्या कुळाची ओळख हेच जनुक ठरवते. २०१० च्या निबंधात शृंगिकेवरील गंधेंद्रियांच्या घडणीतही त्याचा सहभाग आढळला. म्हणजे बाहेर आणि आत, दोन्हीकडे एकच नाव.

आता उत्क्रांतीचा मुद्दा. पृष्ठवंशी प्राण्यांत याच जनुकाचे भाऊबंद आहेत, आणि त्यांचा संबंध अग्रमेंदूशी, त्यातल्या गंधकंदाच्या घडणीशीही येतो. माशीतही गंध, उंदरातही गंध, जनुकही एका घराण्याचे. मग समाईक पूर्वजाच्या मेंदूतच गंधाची ही व्यवस्था होती, असा निष्कर्ष काढायचा मोह अनावर होतो. त्याला पूरक पुरावाही होता. १९९८ मध्ये रायखर्ट यांच्या गटाने दुसऱ्या एका मेंदू-जनुकाबाबत दाखवले की माशीत ते नसताना त्या जागी माणसाचे ऑटेक्स जनुक घातले तर मेंदूची बिघडलेली घडण बरीचशी सावरते. माणसाचे जनुक माशीच्या डोक्यात काम करते, यापेक्षा मोठा नातेसंबंध कोणता?

मला वाटते, समीक्षकाने थांबायचे ठिकाण हेच आहे. जनुक समाईक आहे हे सिद्ध झाले. त्यावरून अवयव समाईक आहे हे सिद्ध होत नाही. आणि याचा उत्तम पुरावा त्या जनुकाच्या नावातच आहे! जे जनुक माशीचा गंधखंड घडवते तेच तिची श्वासछिद्रेही घडवते. जनुक एक म्हणून अवयव एक असे मानायचे, तर माशीचे श्वासछिद्र आणि उंदराचा गंधकंद हेही एकाच वारशाचे म्हणावे लागतील. ते कोणी म्हणणार नाही. जनुक हे ओळखपत्र नाही, हत्यार आहे. एकाच पटाशीने सुतार पाटही करतो आणि नांगरही. पटाशी सारखी म्हणून पाट आणि नांगर भाऊ होत नाहीत.

शालेय जीवशास्त्राच्या मराठीत ‘समजात अवयव’ हा चांगला शब्द आहे. समान जन्म असलेले ते समजात. दिसणे किंवा काम करणे सारखे, एवढ्याने कोणी समजात होत नाही. हा भेद शाळेतल्या मुलाला आपण वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख दाखवून शिकवतो, आणि मोठेपणी ‘माणूस व माशी यांचा मेंदू एकच’ अशा मथळ्यापुढे तो विसरतो. रॉड्रिग्ज यांच्या निबंधांत भर विकासाच्या पुराव्यावर आहे. उत्क्रांतीचा विचार त्यामागून, सूचनेच्या रूपाने येतो. मथळेवाले मात्र सूचना उचलतात आणि पुरावा मागे ठेवतात.

दोन फरक तर थेट वारशाच्या दाव्याविरुद्ध जातात. पहिला असा की उंदराची गंधग्राहक प्रथिने आणि कीटकांची गंधग्राहक प्रथिने ही वेगळ्या घराण्यांची आहेत. कीटकांचे ग्राहक पेशीच्या पटलात उलटे बसतात, हे २००६ मध्ये दिसले. आणि ते स्वतःच विद्युत्प्रवाहाचे दार म्हणून काम करतात, हे २००८ मध्ये. दुसरा असा की उंदरात ग्राहक प्रथिन तंतूला मेंदूतली जागा दाखवण्यात स्वतः भाग घेते. माशीत तसे घडत नाही. शेवटचे चित्र सारखे, पण कुलपे वेगळी आणि वाटाड्याही वेगळा. हे सगळे पाहता पुंजक्यांची मांडणी निदान मोठ्या अंशी स्वतंत्रपणे जुळून आली असावी, याकडे माझे मत झुकते. गंधांची संख्या अफाट आहे आणि ते रंगांसारखे एका पट्ट्यावर मांडता येत नाहीत. अशा माहितीची वर्गवारी करायची तर सारख्याला सारख्याजवळ गोळा करणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. गरज तीच असेल तर तोडगाही पुन्हा पुन्हा तोच निघू शकतो.

४. खळग्यातल्या पेशींचे पुनर्वाचन

पण म्हणून उत्क्रांतीच्या दृष्टीने या संशोधनाचे मोल संपले असे नाही. उलट, ते मला एका अनपेक्षित जागी सापडते, आणि ती जागा २००२ च्या त्या वादग्रस्त निबंधातच आहे.

२००९ मध्ये रिचर्ड बेंटन आणि सहकाऱ्यांनी माशीत गंधग्राहकांचे आणखी एक घराणे शोधले. ते चेतापेशींच्या परस्पर संवादात वापरल्या जाणाऱ्या ग्लुटामेट-ग्राहकांच्या कुळातून निघालेले आहे. पुढच्याच वर्षी दिसले की हे घराणे कीटकांपुरते नाही. कवचधारी, गोगलगायी, कृमी अशा दूरदूरच्या प्राण्यांतही त्याचे सदस्य आहेत. म्हणजे ते जुने आहे. उलट, १९९९ मध्ये सापडलेले पहिले घराणे कीटकवंशात उगवलेले, तुलनेने नवे. पाण्यातल्या डॅफ्नियाच्या जनुकसंचात जुने घराणे आहे, नवे नाही.

आता हे जुने ग्राहक माशीच्या शृंगिकेवर कुठे आहेत? मुख्यतः खळग्यातल्या केसांत. आणि खळग्यातले केस कोण घडवते? अटोनल. म्हणजे रॉड्रिग्ज यांनी ज्या पेशींना गंधखंडात पहिली पायवाट पाडणाऱ्या म्हटले, त्या बहुतांशी जुन्या घराण्याचे ग्राहक बाळगणाऱ्या पेशी निघाल्या. जुनी माणसे आधी वस्तीला आली आणि नवी मागून त्यांच्याभोवती वसली, असे चित्र उभे राहते. २००२ मध्ये हे कोणालाच दिसणे शक्य नव्हते, कारण दुसरे घराणे तेव्हा सापडलेच नव्हते.

हा माझा अर्थ आहे आणि त्यातला धोकाही सांगितला पाहिजे. एका जिवाच्या वाढीत जे आधी येते ते वंशाच्या इतिहासातही आधी आले, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात हेकेलने रूढ केली आणि ती नियम म्हणून टिकली नाही. वाढीचा क्रम इतर कारणांनीही ठरतो. खळग्यातल्या पेशी आधी जन्मतात म्हणून त्यांचे तंतू आधी पोचत असतील, एवढेच. म्हणून ही जुळणी पुरावा नव्हे, चौकशीचे आमंत्रण आहे. पण चांगल्या संशोधनाची एक खूण अशी, की नंतर सापडलेल्या गोष्टींनी त्याचे जुने निष्कर्ष नव्याने वाचता येतात. ज्या निबंधात केवळ मत असते तो मत बदलले की संपतो. ज्यात निरीक्षण नेमके असते तो पुढच्या पिढीच्या हाती नवे बोलू लागतो.

५. एका माशीवर किती भिस्त ठेवायची?

रॉड्रिग्ज यांच्या कामावर, आणि खरे तर फळमाशीवर उभ्या असलेल्या सगळ्याच विज्ञानावर, माझा मुख्य आक्षेप इथे येतो. घडण कशी होते हा प्रश्न एका प्राण्यात सोडवता येतो. वंश कसा बदलला हा प्रश्न एका प्राण्यात सुटतच नाही. त्याला निदान तीन-चार नातलग शेजारी ठेवावे लागतात. साक्षीदार एकच असेल तर त्याची साक्ष कितीही बारकाईची असो, ती उलटतपासणीशिवायची राहते.

आणि हे नातलग फार दूर नाहीत. पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढा परिसरात पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर जे दिसते, त्यात संधिपादांचा अर्धा इतिहास आहे. चिखलातला खेकडा आपल्या लहान शृंगिकांनी पाणी हुंगतो. त्या शृंगिका शरीराच्या ज्या खंडाच्या, त्याच खंडाच्या कीटकांच्या शृंगिका. खेकड्याच्या मेंदूतही पुंजके आहेत, पण कीटकांचे नवे ग्राहक नाहीत. म्हणजे ग्राहक बदलले तरी मांडणी राहू शकते. बांधीवर घिरट्या घालणारा चतुर कीटकच, पण डोळ्यांवर जगणारा. त्याच्या मेंदूत पुंजक्यांची ठळक रचना दिसत नाही. म्हणजे कीटक असूनही ही मांडणी नसू शकते. कोळ्याला तर शृंगिकाच नाहीत. त्या खंडावर त्याचे जबड्यासारखे अवयव आहेत. या तिघांना माशीशेजारी बसवले की ‘वारसा की गरज’ हा प्रश्न हो-नाहीचा राहत नाही. कोणत्या थरावर वारसा आणि कोणत्या थरावर गरज, असा तो होतो. शरीरखंड वारशाचा, जनुकांची हत्यारे वारशाची, ग्राहक बदलते, आणि पुंजके गरजेप्रमाणे राखलेले किंवा सोडलेले.

भंडारा जिल्ह्याला कोशाची ओळख नवी नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कोशाच्या अळ्या राखल्या. या पतंगाला पंख फुटल्यावर खाणेपिणे नसते; काही दिवसांचे आयुष्य आणि एकच काम. नराच्या पिसासारख्या शृंगिका काळोखातून मादीचा गंध वेचतात. गंधावर सगळे आयुष्य तोललेला असा प्राणी आपल्या रानात असताना गंधमेंदूची चर्चा परदेशी प्रयोगशाळेतली मानणे हे अज्ञानच. रेशीमपतंगाच्या मादीचा गंध १९५९ मध्ये जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे ५ लाख पतंगांच्या ग्रंथींतून वेगळा काढला. आज धानावरच्या खोडकिड्यासाठी आणि कपाशीवरच्या बोंडअळीसाठी शेतात लागतात ते कामगंध सापळे त्याच शोधाचे वंशज. सापळ्यातली गोळी नराला फसवते, कारण त्याच्या मेंदूत त्या एका गंधाचा पत्ता आधीच कोरलेला आहे. तो पत्ता कसा कोरला जातो, हाच तर रॉड्रिग्ज यांचा आयुष्यभराचा प्रश्न. ज्या शेतकऱ्याने सापळा लावला त्याला ही माहिती त्याच्या भाषेत मिळण्याचा हक्क आहे, आणि ती ‘माशी आपली बहीण’ अशा गोड मथळ्यात नव्हे, तर तिच्या शंकांसकट मिळण्याचा.

रॉड्रिग्ज यांच्या कामाचे मूल्यमापन म्हणून शेवटी एवढे म्हणता येईल. त्यांनी पूर्वजाचे चित्र काढून दिले नाही. ते त्यांच्या हाती असलेल्या साधनांनी निघणारे नव्हतेच. त्यांनी दिली ती मोडून पाहता येतील अशी विधाने. हे जनुक काढा, हा पुंजका बिघडेल. ही मात्रा कमी करा, हा केस बदलेल. त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांचे नाव आहे. माशीला एकच वास सतत दिला तर तिची त्याला सवय होते, आणि त्यामागे गंधखंडातल्या स्थानिक चेतापेशींतील बदल आहेत, असे तो सांगतो. ज्या पेशींचे कूळ त्यांनी तीन वर्षांपूर्वी शोधले होते, त्याच प्रकारच्या पेशी आता माशीच्या विसरण्या-सरावण्याचा हिशेब देऊ लागल्या होत्या. वाय आकाराच्या नळीपासून सुरू झालेले वागणुकीचे कोडे विकासाच्या वाटेने फिरून पुन्हा वागणुकीपाशी आले, आणि या खेपेला कोणत्या पेशीत काय बदलते हे बोट ठेवून सांगता येत होते. उत्क्रांतीचा उरलेला अर्धा प्रश्न खेकडा, चतुर आणि कोशाचा पतंग यांना माशीइतक्याच बारकाईने पाहणाऱ्यांसाठी मोकळा आहे.